स्थितांबरातील वैश्विक धूळ : प्रयोगशाळेतील विश्लेषण

धूमकेतू व लघुग्रहांपासून सुटून पृथ्वीच्या वातावरणात शिरलेले सूक्ष्म कण स्थितांबरातून गोळा करून त्यांची घडण आणि उगम तपासण्याचे शास्त्र. हे कण बहुधा ५ ते ५० मायक्रोमीटर आकाराचे असतात. १० मायक्रोमीटरचा कण भरतो ग्रॅमच्या जेमतेम अब्जांशाइतका. इतके हलके कण विरळ हवेतच मंदावतात आणि पुष्कळदा न वितळता खाली येतात. जमिनीवर पोहोचल्यावर ते इथल्या धुळीत हरवून जातात, म्हणून त्यांना सुमारे २० किमी. उंचीवरच गाठावे लागते.

१९७०च्या दशकात वॉशिंग्टन विद्यापीठाचे डॉनल्ड ब्राउनली यांनी नासाच्या यू-२ विमानांतून असे कण मिळवले. १९८१ पासून ह्यूस्टनच्या जॉन्सन अंतराळ केंद्राने हे काम चालवले. सिलिकॉन तेल लावलेल्या पट्ट्या विमान त्या उंचीवर गेल्यावरच उघडतात. पुढे स्वच्छ कक्षात काचेच्या बारीक सुईने एकेक कण टिपून हेक्झेनने धुतात.

कण खरोखर अवकाशातला आहे का, हे ठरवणे सर्वांत कठीण. पट्टीवर ज्वालामुखीची राख येते, अग्निबाणांच्या घन इंधनातून निघालेले ॲल्युमिनियम ऑक्साइडचे गोलकही येतात. मॅग्नेशियम, सिलिकॉन, लोह व गंधक यांचे प्रमाण आदिम अशनींशी जुळले, तर संशय बराच फिटतो. परंतु निर्णायक पुरावे वेगळेच : १९७७ मध्ये काही कणांत हीलियम सापडले, तर १९८४ मध्ये सौरज्वालांतील जड आयनांनी खनिजांत कोरलेल्या रेषा दिसल्या. दोन्ही खुणा अवकाशातील दीर्घ वास्तव्याशिवाय उमटत नाहीत.

सर्वांत मोलाचे कण सच्छिद्र, ठिसूळ व कार्बनयुक्त असून ते बहुधा धूमकेतूंमधले असावेत. त्यांचे १०० नॅनोमीटरहून पातळ काप घेऊन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. धातू व सल्फाइडचे बारीक दाणे पोटात असलेली काच त्यांत आढळते. तिचा जन्म आंतरतारकीय अवकाशात झाला की सूर्याभोवतीच्या तेजोमेघात, यावर मतभेद आहेत. ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे मोजमाप मात्र निःसंदिग्ध बोलते. २००३ मध्ये त्यावरूनच या धुळीतले काही सिलिकेट दाणे सूर्याच्या जन्मापूर्वी इतर ताऱ्यांभोवती घडल्याचे सिद्ध झाले. या क्षेत्रातला हा सर्वांत मोठा शोध म्हणावा लागेल.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये पृथ्वी ग्रिग–स्केलेरप धूमकेतूच्या धूलिप्रवाहातून जाणार असल्याचे हेरून खास उड्डाणे केली गेली. त्या धुळीत मिळालेल्या मँगॅनीज सिलिसाइडच्या नव्या खनिजाला २००८ मध्ये ब्राउनलीआइट हे नाव मिळाले. सिलिकॉन तेल छिद्रांत मुरून कार्बनच्या मोजमापात व्यत्यय आणते. त्यामुळे पुढे तेलाविना, पॉलियुरेथेन फोमवर कण झेलण्याची पद्धतही वापरात आली.