समुद्रपुष्पांतील जीवविषांचा क्रमविकास

समुद्रपुष्पे अथवा सी ॲनिमोन हे निडारिया संघाच्या ॲक्टिनिएरिया गणातील प्राणी होत. त्यांच्या हजारावर जाती ज्ञात आहेत. नावात पुष्प असले, तरी हे मांसाहारी प्राणी असून खडकाला चिकटून किंवा वाळूत रुतून भक्ष्य जवळ येण्याची वाट पाहतात. जेलीफिश, हायड्रा व पोवळी ही त्यांची भावंडे. या संघाच्या शाखा सुमारे ६० कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या होऊ लागल्या असाव्यात, असा अंदाज आहे. तो मान्य केल्यास आज जिवंत असलेल्या विषारी प्राण्यांत हे कुल सर्वांत जुने ठरते. साप त्या मानाने कालचे.

विषासाठी समुद्रपुष्पाला वेगळी ग्रंथी नाही, दात नाहीत, नांगीही नाही. विष अंगभर विखुरलेल्या कोशिकांत साठवलेले असते. या प्राण्याच्या विषाचा क्रमविकास समजून घेताना ही गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते. सापावरून बांधलेले आडाखे इथे बहुतेक वेळा चुकतात.

दंशकोशिका : प्रत्येक दंशकोशिकेत कोलॅजेनसदृश प्रथिनाची एक घट्ट पुटी असते व तिच्यात गुंडाळलेला पोकळ धागा असतो. स्पर्श व रासायनिक खूण एकत्र मिळताच पुटी फुटते आणि धागा मोज्यासारखा आतून बाहेर उलटत भक्ष्यात घुसतो. याचे नेमके मापन हायड्रात झाले आहे. तेथे पुटीतील दाब वातावरणीय दाबाच्या सुमारे १५० पट असून धाग्याची पहिली उसळी ७०० नॅनोसेकंदांत पूर्ण होते. एकदा उडालेली पुटी पुन्हा भरता येत नाही. प्राण्याला नवी कोशिका घडवावी लागते. म्हणजे विष फुकट नसते. समुद्रपुष्पांत याखेरीज चिकट धाग्यांच्या पुट्याही असतात. त्या विषासाठी नसून पकड घेण्यासाठी असतात.

विषकुले : आतापर्यंत वेगळ्या काढलेल्या विषांपैकी बहुतेक लहान पेप्टाइडे असून डायसल्फाइड बंधांनी आवळलेली असल्याने ती सहजी विघटित होत नाहीत. सोडियम वाहिनीवर काम करणारी पेप्टाइडे साधारण ४६ ते ४९ ॲमिनो अम्लांची व तीन बंधांची असतात. ती वाहिनी बंद होण्याची क्रिया लांबवतात, त्यामुळे चेतातंतू पेटल्यासारखा संदेश देतच राहतो आणि भक्ष्य आखडते. विंचवाच्या आल्फा गटातील विषेही वाहिनीच्या याच जागी बसतात, पण घडणीने ती वेगळी आहेत. दोन कुले निराळ्या वाटांनी त्याच कुलपापाशी पोहोचली, याचे हे ठळक उदाहरण.

पोटॅशियम वाहिनी अडवणाऱ्या विषांचे किमान पाच प्रकार मानतात. त्यांपैकी कुनिट्झ घडणीची पेप्टाइडे विशेष बोधप्रद आहेत. अनेमोनिया व्हिरिडिस (पूर्वीचे नाव अ. सल्काटा) या जातीतील कॅलिक्लुडिने ट्रिप्सिन या पाचक विकराला रोखतात आणि पोटॅशियम वाहिनीही अडवतात. आफ्रिकेतील मांबा सापाची डेंड्रोटॉक्सिने याच घडणीची व याच वाहिनीवर काम करणारी आहेत. दोन्हीकडे मूळ माल विकररोधक प्रथिनाचा होता व तो स्वतंत्रपणे विषाच्या कामी लागला, असे मानले जाते.

तिसरे कुल छिद्रकारक प्रथिनांचे, म्हणजे ॲक्टिनोपोरिनांचे. ॲक्टिनिया इक्विना या जातीतील इक्विनाटॉक्सिन-२ हे १७९ ॲमिनो अम्लांचे असून त्यात एकही सिस्टीन नाही. हे प्रथिन पटलातील स्फिंगोमायलिन ओळखते व तेथे इतर रेणूंशी जुळून भोक पाडते. ॲक्टिनिया फ्रॅगेसियाच्या अशाच प्रथिनाचे भोक आठ रेणूंच्या कड्याचे असल्याचे स्फटिकरचनेवरून दिसले आहे. याच धाटणीची प्रथिने काही मासे, गोगलगायी व शेवाळातही आढळतात. त्यांचा परस्परसंबंध कसा लावायचा, यावर मतभेद आहेत. फॉस्फोलायपेज, वर्धकघटकासारखी पेप्टाइडे वगैरे इतर कुलेही आहेत.

उगम : विष आकाशातून पडत नाही, शरीरात आधीच दुसरे काम करणारे प्रथिन विषाच्या कामी घेतले जाते. समुद्रपुष्पांत याचा सर्वांत स्पष्ट पुरावा नेमॅटोस्टेला व्हेक्टेन्सिस या खाजणातील गाळात राहणाऱ्या, बोटाच्या पेराएवढ्या जातीत मिळाला. तिच्या जीनोमचा आराखडा २००७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून या विषयातले निम्मेअधिक ज्ञान या एकाच जातीवरून आलेले आहे. प्रस्तुत नोंदीलाही तीच मर्यादा आहे. या जातीत एसएचके (पोटॅशियम वाहिनी अडवणारे एक पेप्टाइड, त्याची माहिती पुढे येते) याच्या घडणीच्या पेप्टाइडांची दोन जवळची जनुके आहेत. एकाचे पेप्टाइड दंशकोशिकांत सापडते आणि दुसऱ्याचे चेतापेशींत. चेतापेशीतले रूप मूळचे व दंशकोशिकेतले नंतरचे, असा निष्कर्ष २०२० मध्ये मांडण्यात आला. म्हणजे जे घरातल्या घरात निरोप पोचवण्यासाठी होते, ते पुढे शेजाऱ्यावर वार करण्यासाठी वापरले गेले.

सोडियम व पोटॅशियम वाहिन्यांवरील काही विषे एकाच पूर्वजापासून निघाली, असेही एक मत २०१५ पासून मांडले जात आहे. इतक्या लहान व इतक्या जुन्या साखळ्यांची वंशावळ ठामपणे लावणे अवघड असल्याने येथे त्याची केवळ नोंद केली आहे.

क्रमविकासाची गती : शंकुगोगलगायी व साप यांच्या अभ्यासातून एक ठाम समज रुजला होता. भक्ष्य प्रतिकार शोधते, शिकारी नवे विष शोधतो आणि या चढाओढीत विषाची जनुके झपाट्याने बदलत राहतात, असे मानले जाई. कार्तिक सुनगर व येहू मोरान यांनी २०१५ मध्ये निरनिराळ्या प्राण्यांची विषजनुके तुलनेला घेतली, तेव्हा हे चित्र फक्त तरुण कुलांना लागू पडले. निडारिया, कोळी, विंचू, गोमा अशा जुन्या कुलांत निवडीचा कल बदल पुसून टाकण्याकडे दिसला. विषात उपजलेला फरक बहुधा तोट्याचा ठरतो व गळून जातो. त्यांनी मांडलेल्या दोन गतींच्या प्रतिमानानुसार कुल नव्या अधिवासात शिरते तेव्हा विषे भराभर फुटतात व उपयोगी रूप हाती लागले की ते जपले जाते. परिस्थिती पुन्हा पालटली तर फूटही पुन्हा होऊ शकते.

या स्थैर्याचे एक कारण लक्ष्यात असावे. सोडियम वाहिनीचा जो भाग विष पकडते, तो कोळंबीपासून माशापर्यंत फारसा बदललेला नाही. कुलूपच बदलत नसेल, तर किल्ली घासत बसण्याचे कारण नाही.

स्थैर्य म्हणजे निश्चलता नव्हे, हे नेमॅटोस्टेलाच्या एनव्ही-१ या विषावरून दिसते. या विषाची एकच प्रत नसून जीनोममध्ये जवळजवळ हुबेहूब अशा अनेक प्रती एकमेकींना लागून आहेत. सामान्यतः दुहेरी झालेली जनुके काळाच्या ओघात वेगळी होत जातात. इथे मात्र एक प्रत दुसरीला सतत आपल्यासारखी करून घेते. याला समन्वित क्रमविकास म्हणतात. प्रतींची संख्या वाढली की विषाचे उत्पादन वाढते, म्हणजे विषाचा मजकूर तोच राहून त्याची मात्रा बदलते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील निरनिराळ्या ठिकाणच्या नेमॅटोस्टेलांत या प्रतींची संख्या वेगवेगळी असून फ्लोरिडातील एका समूहात हे विष जवळपास नाहीसे झाले आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते समुद्रपुष्पांच्या विषाविषयी आजवर हाती आलेली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट होय. नव्या पेप्टाइडांच्या याद्या तिच्यापुढे दुय्यम आहेत.

त्याच कुलातून फुटलेली एनव्ही-४ व एनव्ही-५ ही विषे मात्र वेगळ्या वाटेने गेली. एनव्ही-१ संधिपाद व मासे या दोघांनाही मारते. ही दोन झेब्रा माशाच्या पिलांना मारतात, पण संधिपादांवर त्यांचा परिणाम होत नाही. त्यांची जागा मात्र बदललेली नाही. एनव्ही-१ प्रमाणेच ही दोनही त्वचेतील ग्रंथिपेशींत असतात.

शरीरातील वाटप व वय : एनव्ही-१ दंशकोशिकांत नाही, हे २०१२ मध्ये दिसले तेव्हा अनेकांना नवल वाटले. भक्ष्य भेटताच ग्रंथिपेशी ते पाण्यात सोडतात. दंशकोशिका हेच या संघाचे एकमेव शस्त्र, ही पाठ्यपुस्तकी मांडणी तेथेच सैल झाली. शुंडके, देहभिंत, जठराच्या पडद्यांवरील तंतू यांतील विषमिश्रण भिन्न असते. शुंडके पकडतात, तंतू पचवतात. वयानुसारही विष बदलते. नेमॅटोस्टेलाची मादी काही विषे अंड्यातच ठेवून देते. प्लॅन्युला अळी, बालपॉलिप व प्रौढ यांचे विष एकसारखे नसते. अळीला मासा म्हणजे शत्रू, प्रौढाला कोळंबी म्हणजे जेवण, आणि त्याप्रमाणे शिदोरी बदलते.

स्वजातीय संघर्ष : ॲक्टिनिया इक्विनाच्या शुंडकांखाली निळ्या मण्यांची एक ओळ असते. शेजारी परका निघाला की प्राणी हे मणी फुगवून त्याच्यावर टेकवतो. त्वचेचा एक पापुद्रा तुटून प्रतिस्पर्ध्याच्या अंगाला चिकटतो व त्या जागी ऊतक मरते. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील अँथोप्ल्यूरा एलेगँटिसिमाचे क्लोन अशाच चकमकींनी एकाच खडकावर रिकामे सीमापट्टे राखतात. मण्यांमधून ॲक्रोरॅजिन ही वेगळी पेप्टाइडे मिळाली आहेत.

विदूषक मासे : दहा जातींची समुद्रपुष्पे या माशांना आसरा देतात. माशाच्या श्लेष्मातील सियालिक अम्लाच्या अल्प प्रमाणाशी दंश न होण्याचा संबंध जोडला जातो. हा मुद्दा वादग्रस्त आहे.

अभ्यासाचा इतिहास : समुद्रपुष्पाचे विष वैद्यकाच्या इतिहासात शिरले ते एका अपघाताने. १९०१ मध्ये मोनॅकोचे राजे पहिले आल्बेर यांच्या जहाजावर शार्ल रिशे व पॉल पोर्तिए यांनी फायसेलिया या तरंगणाऱ्या निडारिया प्राण्याच्या विषाचा अभ्यास सुरू केला. पॅरिसला परतल्यावर फायसेलिया मिळेना, म्हणून त्यांनी समुद्रपुष्पांची शुंडके ग्लिसरिनात भिजवून अर्क काढला व तो कुत्र्यांना टोचला. थोडा थोडा अर्क देऊन प्रतिकार तयार होतो का, हे त्यांना पाहायचे होते. पहिल्या मात्रेने नेपच्यून नावाच्या धट्ट्याकट्ट्या कुत्र्याला काही झाले नाही. काही आठवड्यांनी तीच मात्रा पुन्हा देताच तो धापा टाकू लागला, त्याला ओकारी झाली व अर्ध्या तासाच्या आत तो मेला. संरक्षणाच्या नेमक्या उलट अशा या प्रकाराला त्यांनी १९०२ मध्ये ॲनाफिलॅक्सिस हे नाव दिले. १९१३ चे नोबेल पारितोषिक एकट्या रिशेंना मिळाले. अर्कातील घटकांना रिशेंनी कॉंजेस्टिन व थॅलासिन अशी नावे दिली होती. ती आता वापरात नाहीत. क्रमविकासाशी या प्रयोगाचा थेट संबंध नाही, तरी समुद्रपुष्पांच्या विषावरील प्रत्येक ग्रंथ त्याच्यापासूनच सुरू होतो.

शुद्ध विषे हाती येण्यास पुढे सत्तर वर्षे लागली. १९७० च्या दशकात जर्मनीत कील येथे लास्लो बेरेस यांनी अनेमोनियाची विषे वेगळी केली. त्याच दशकात ल्युब्ल्याना येथे इक्विनाटॉक्सिनाचे काम सुरू झाले. कॅरिबियन समुद्रातील स्टायकोडॅक्टिला हेलिअँथस या जातीचे ३५ ॲमिनो अम्लांचे एसएचके हे पेप्टाइड क्यूबातील संशोधकांच्या सहभागाने १९९५ मध्ये प्रकाशात आले.

उपयोग : एसएचके रोगप्रतिकारक टी-पेशींतील एका पोटॅशियम वाहिनीला घट्ट अडवते. त्यापासून बनवलेल्या डालाझाटाइडाची सोरायसिसच्या रुग्णांवर प्राथमिक चाचणी झाली आहे.

मानवी दंश : बहुतेक जातींचा दंश जळजळीपलीकडे जात नाही, मात्र फायलोडिस्कस सेमोनीच्या दंशाने मूत्रपिंड निकामी झाल्याची नोंद आहे.

भारतातील काम : येथील काम मुख्यतः वर्गीकरणाचे आहे. एन. के. पणिक्कर यांनी १९३० च्या दशकात मद्रासजवळच्या मचूळ पाण्यातील समुद्रपुष्पांचे वर्णन केले. पुढे ते गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले. मुंबईच्या समुद्रपुष्पांची नोंद ए. एच. परुळेकर यांनी १९६० च्या दशकात केली. वर उल्लेख आलेले सुनगर बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत आहेत. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी हे प्राणी शुंडके आत ओढून, अंगाला शंखांचे तुकडे व वाळू चिकटवून, ओल्या खडकाच्या फटीत चिखलाच्या गोळ्यासारखे बसलेले दिसतात. पाणी चढले की दहा-पंधरा मिनिटांत ते उमलतात.