पनवेलचा शेवटचा शनवार

गुरुवार

१९६४चा ऑक्टोबर. दसरा होऊन गेलाय, भात कापणीला आलंय. तुम्ही पनवेलच्या बाजारपेठेतून चालला आहात आणि भेटेल तो थांबवून एकच विचारतोय, "काय रे, कुणी काही बोललं का तुम्हाला?"

कुणीही काही बोललेलं नाही. खरी अडचण तीच आहे.

तुम्ही सत्तावीस वर्षांचे, पोस्टात कारकून. रविवारी आजी, आई-बाबा, बायको आणि धाकट्या बहिणीला घेऊन इस्रायलला निघणार आहात. ज्यांना दंगलीत घर सोडावं लागलं, त्यांना कुणी कारण विचारत नाही. तुम्हाला मात्र किराणावाल्यापासून हेडमास्तरांपर्यंत प्रत्येकाला ते सांगावं लागतंय, आणि दर वेळी ते थोडं वेगळं निघतंय. "काकांनी बोलावलंय." "तिकडे घर देतात." "बाबांची इच्छा."

तुम्ही आजच्या काळातून इथे आला आहात, त्यामुळे पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. १९७३त वाशीचा पूल होईल, नवी मुंबई वसेल, २०२५त याच तालुक्यातल्या विमानतळाचं उद्घाटन होईल. पण गप्प बसा. आत्ता मुंबईला जायचं तर एसटी शिळफाटा, मुंब्रा, ठाणे असा वळसा घेते, आणि परदेशी जाणाऱ्याला सांताक्रूझ गाठावं लागतं.

घरी सामान पसरलंय. परकीय चलनाचे निर्बंध असे, की खिशात नावापुरतेच पैसे नेता येतात. म्हणून आई जिनसा बांधतेय: कोकम, मसाला, पापड, तांब्याची पातेली, नारळाची खवणी. पाटा-वरवंटा शेजारच्या काकूंकडे जाणार. "विकत नाही देत हो, ठेवायला देतेय," आई सांगते. काकू मान डोलावतात. दोघींनाही फरक कळतो.

शुक्रवार

सकाळी बाबांबरोबर कब्रस्तानात जा. दगडांवर वर हिब्रू, खाली मराठी. बाबा पंज्यांच्या कबरीवरचं गवत स्वतः उपटतात, कुणाला हात लावू देत नाहीत. पंज्यांचा तेलाचा घाणा होता. शनिवारी तो बंद असायचा, म्हणून कोकणात तुमच्या लोकांना शनवार तेली म्हणत. घाणा कधीच गेला. पुढच्या पिढ्या लष्करात, रेल्वेत, कचेऱ्यांत, शाळांत शिरल्या. शनवार तेवढा राहिला.

तुमच्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, असं बेने इस्रायलांच्या, म्हणजे तुम्हा कोकणी यहुद्यांच्या, घरोघर सांगतात. दोन हजार वर्षं झाली, असं आजी म्हणते. इतिहासाचे अभ्यासक त्या आकड्यावर भांडतात, आजी भांडत नाही. एवढ्या मुक्कामात तुमच्या सणांनीही इथलीच नावं घेतली: नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. लग्नात हळद आली, गळ्यात मंगळसूत्र आलं. पासोव्हरच्या सणाला वाचायचा हग्गादा १८७४ साली पुण्यात मराठीत छापला गेला.

परतताना मासळीबाजारातून या. कोळीण तुम्हाला ओळखते. कोळंबीच्या वाट्याकडे बोटसुद्धा न दाखवता ती पापलेट पुढे करते. खवले आणि पर नसलेलं तुमच्याकडे चालत नाही, हे तिला तिच्या आईनं सांगितलेलं. "तिकडं मिळतंय का पापलेट?" ती विचारते.

काका दिमोनाला असतात. नेगेवच्या वाळवंटात १९५५ साली वसवलेलं गाव. त्यांच्या पत्रात कापडगिरणी आहे, नवी घरं आहेत, अर्ध्या तासात वाळणारे कपडे आहेत. समुद्राचा उल्लेख कुठेच नाही. खाडीच्या दमट हवेत वाढलेला माणूस कपडे वाळल्याचंच कौतुक कळवणार. कोळणीला मात्र तुम्ही "मिळत असेल" एवढंच म्हणता.

बाबांनी निर्णय लांबवला होता, त्याचं कारण वेगळं. १९६२ साली इस्रायलच्या मुख्य धर्मपीठानं फर्मान काढलं, की बेने इस्रायलांपैकी कुणाला बाहेरच्या यहुद्याशी लग्न करायचं असेल, तर त्याची मागची वंशावळ तपासावी. पनवेलमध्ये तुमच्या यहुदीपणाबद्दल कुणाला शंका आली नव्हती. ती आली जेरुसलेमला. तिथे गेलेल्यांनी मोर्चे काढले, धरणं धरलं. या ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेनं सांगितलं, की बेने इस्रायल सर्वार्थानं यहुदी आहेत. बातमी आली त्या रात्री बाबांनी ट्रंक काढली.

त्याआधी, १९५२ साली, तिकडे गेलेले काहीजण निराश होऊन तेल अवीवमध्ये ठाण मांडून बसले होते आणि मुंबईला परत आले होते. पुढे त्यांतल्या बऱ्याच जणांनी पुन्हा तिकडचीच वाट धरली. बाबा ही गोष्ट सांगतात तेव्हा नेमकं कुणाचं चुकलं, हे सांगत नाहीत.

दिवे लागायच्या आत आई काळ्या मनुकांचं सरबत गाळते. कोंबडीचं कालवण नारळाच्या दुधात शिजलंय, कारण मांसाबरोबर दुधाला मनाई आहे आणि नारळाला नाही.

शनिवार

बेथ एल सिनेगॉग १८४९चं आहे. पनवेलची नगरपालिकाच त्याच्यानंतर तीन वर्षांनी झाली. डोकं झाका, आत जा. आणि आत गेल्यावर प्रार्थना चालवणारे हजान जे करतात तेच करा: माणसं मोजा.

सेफेर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, उघडून वाचायची, तर तेरा वर्षांवरचे दहा पुरुष हवेत. आज अकरा आहेत. त्यांतले दोन तुम्ही आणि बाबा.

गेले काही दिवस तुम्ही लोकांना जाण्याची कारणं दिलीत, पण इथे कुणीही विचारत नाही. इथे जाण्याचं कारण सगळ्यांना पाठ आहे. राहण्याचं कारण मात्र ज्याचं त्याला शोधावं लागतं. दर वर्षी एखाद-दोन घरं उठतात. १९५०च्या आसपास भारतात बेने इस्रायल वीसेक हजार होते. आता मुंबईच्या सिनेगॉगांतही बाकं मोकळी दिसू लागली आहेत. पनवेल तर लहान. इथे एक घर गेलं, की प्रार्थनेचा हिशेब बिघडतो.

बाबांना वाचनासाठी बोलावतात. ते हिब्रू अडखळत वाचतात, मग मराठीत हजानांची क्षमा मागतात. चुकल्याबद्दल मागितली, असं सगळे समजून घेतात.

रात्री तारे दिसल्यावर घरी मलिदा. परातीत भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर फळं. प्रेषित एलियाहू हनाबीचं गाणं होतं. प्रवास सुखाचा व्हावा म्हणून हे त्याच्याकडे मागणं. अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्याच्या घोड्याच्या टापेची खूण आहे, तिथे आजी मागच्या आठवड्यात जाऊन आली. शेजारचे काका-काकू, मास्तर, दुकानदार सगळे ओटीवर बसून मलिदा खातात. परवापासून तुम्हाला विचारत असलेला प्रश्न दुकानदार शेवटी आजीला विचारतो.

"कुणी काही बोललं असतं," आजी म्हणते, "तर भांडून इथेच राहिलो असतो."

रविवार

एसटी स्टँडवर ट्रंका टपावर चढतात. हजान आले आहेत, त्यांच्याबरोबर पेणचा एक पोरगेला गृहस्थ आहे. तुमचा हात हातात धरूनच हजान त्याच्याकडे वळतात.

"आमचे आता नऊ राहिले. शनवारी येशील?"

"येईन की. पण शनवारी गाडीत बसता येत नाही, शुक्रवारी संध्याकाळीच यावं लागेल. उतरू कुठे?"

बाबा खिशात हात घालतात, घराची किल्ली काढून त्याला देतात. "भाडं महिनाअखेरपर्यंत भरलंय. पुढचं मालकाशी बोल," ते सांगतात. "आणि मोरीचा नळ रात्री घट्ट बंद कर, गळतो."