मार्शमॅलो चाचणी

समोरचा खाऊ लगेच खायचा की थोडे थांबून जास्त किंवा अधिक आवडीचा मिळवायचा, हे लहान मुलावरच सोपवून त्याचा धीर पाहणारी मानसशास्त्रीय चाचणी. वॉल्टर मिशेल (१९३०–२०१८) यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बिंग बालशाळेत १९६० च्या दशकाच्या अखेरीस हे प्रयोग सुरू केले. मार्शमॅलो म्हणजे साखर आणि जिलेटिनची मऊ, फुगीर मिठाई. प्रत्यक्षात बिस्किटे आणि खारे प्रेट्झेलही वापरले गेले.

मूल खोलीत एकटे बसे. संशोधक परत येईपर्यंत थांबले तर त्याला आवडीचा खाऊ मिळे. धीर सुटला तर घंटी वाजवून त्यांना केव्हाही बोलावता येई, पण मग कमी आवडीच्या खाऊवर भागवावे लागे. जास्तीत जास्त १५ मिनिटे थांबायचे असे. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात खाऊ डोळ्यांसमोर असताना मुले सरासरी जेमतेम एक मिनिट थांबली. तो नजरेआड ठेवल्यावर ११ मिनिटांहून जास्त. काही मुले डोळे झाकून घेत, गाणी म्हणत, हातापायांशी खेळत. एक तर चक्क झोपी गेले. मार्शमॅलो म्हणजे पांढरा ढग आहे असे समजायला सांगितले, की मुलांना थांबणे सोपे जाई. मुलांना धीर धरायला शिकवू पाहणाऱ्यांसाठी हाच भाग सर्वांत मोलाचा आहे, आणि दुर्दैवाने तोच सर्वांत कमी सांगितला जातो.

गाजले ते वेगळेच. जास्त थांबलेल्या मुलांना पुढे महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षेत जास्त गुण मिळाले, असे १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र ती मुले थोडी होती आणि बरीचशी विद्यापीठाच्या परिसरातल्या सुशिक्षित घरांतली होती. २०१८ मध्ये वॉट्स, डंकन आणि क्वान यांनी ९०० हून अधिक मुलांची माहिती तपासली. घरची परिस्थिती आणि मुलाची आधीची बौद्धिक वाढ लक्षात घेतल्यावर थांबणे आणि पुढचे शैक्षणिक यश यांतला संबंध फारच क्षीण झाला.

रॉचेस्टर विद्यापीठातील सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात (२०१३) चाचणीआधी मुलांना चित्रकलेचे चांगले साहित्य आणून देण्याचे कबूल केले होते. निम्म्या मुलांना ते मिळाले. उरलेल्यांना ‘नाहीच आहे’ असे सांगितले. शब्द पाळला गेलेली मुले सरासरी १२ मिनिटे थांबली, फसवली गेलेली ३ मिनिटे. म्हणजे दुसऱ्या गटातली मुले उतावीळ नव्हती. अनुभवातून शिकलेली होती. जिथे मोठ्यांचा शब्द पोकळ ठरतो, तिथे हातातला खाऊ खाऊन टाकणे हाच शहाणपणा.

संगोपनाच्या रीतीचाही प्रभाव दिसतो. कॅमेरूनमधील न्सो शेतकरी कुटुंबांतली चार वर्षांची सुमारे ७० टक्के मुले शेवटपर्यंत थांबली. जर्मन मुलांत हे प्रमाण ३० टक्क्यांहूनही कमी होते. संयम शिकवता येतो, असे खुद्द मिशेल यांनीही आग्रहाने मांडले होते. तेव्हा एका खाऊवरून चार वर्षांच्या मुलाचे भवितव्य ठरवणे चूक आहे. पालकांनी आणि शाळांनी या चाचणीचा तसा वापर करू नये.