खळ्यातील राशीपासून वाढवणच्या भरावापर्यंत

डहाणू-तलासरीच्या या पट्ट्यात मोजमापावाचून कोणाचेही चालत नाही. भातशेती करणाऱ्याला गुंठे कळावे लागतात, विहीर खणणाऱ्याला ब्रास. वाडीवाल्याला कुंपणाची लांबी मोजावी लागते, गवंड्याला गिलाव्याचे क्षेत्रफळ काढावे लागते. वाढवण-वरोर परिसरातील डायमेकरला तर केसाएवढ्या फरकाचाही हिशेब ठेवावा लागतो. असे असूनही शाळेच्या पुस्तकातील क्षेत्रफळ, पृष्ठफळ आणि घनफळ ही प्रकरणे आमच्या मुलामुलींना परीक्षेपुरती वाटतात. ही सूत्रे कोठून आली, कोणी कोणाला दिली आणि कोणाच्या उपयोगी पडली, याचा थोडा इतिहास पाहिला, तर त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलेल असे वाटते.

प्रथम जमिनीचे माप घेऊ. शिवकाळात अण्णाजी दत्तो यांनी केलेल्या मोजणीत पाच हात आणि पाच मुठी मिळून एक काठी धरली जाई. वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद असा चौरस म्हणजे एक बिघा, आणि एकशेवीस बिघे म्हणजे एक चावर. त्यापूर्वी उत्तरेत अकबर बादशहाच्या राजवटीत जमीन तागाच्या दोरीने मोजली जाई. ही दोरी भिजली की आखडत असे. म्हणून तिच्या जागी लोखंडी कड्यांनी जोडलेल्या बांबूंची जरीब आली.

दोरी आखडल्याने एवढे काय बिघडते, असे कोणी विचारील. येथेच गणित उपयोगी पडते. समजा, मापाची काठी शंभरात पाच भागांनी आखूड आहे. तिने मोजलेले शेत लांबीलाही मोठे दिसते आणि रुंदीलाही. त्यामुळे क्षेत्रफळ पाच टक्क्यांनी वाढत नाही, जवळजवळ अकरा टक्क्यांनी वाढते. जमीन तेवढीच राहते, पण सारा मात्र अकरा टक्के अधिक भरावा लागतो. ज्याला चौरसाचे गणित येत नाही, त्याला आपले काय गेले हेही समजत नाही. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यात ३३ फुटांच्या साखळीने मोजणी झाली. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद म्हणजे १,०८९ चौरस फुटांचा एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. आज सातबाऱ्यावर हेक्टर व आर ही मापे आहेत. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि १०० आर म्हणजे एक हेक्टर. आजोबा गुंठ्यात बोलतात, तलाठी आरमध्ये लिहितो. या दोहोंची सांगड घालण्याचे काम घरातील शिकलेल्या मुलानेच करावयाचे असते.

आता घनफळाकडे वळू. या शास्त्राचा एक थोर आचार्य आपल्याच महाराष्ट्राशी निगडित आहे. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या सुमारास ‘लीलावती’ हा ग्रंथ संस्कृतात रचला. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापन केला. त्याची नोंद असलेला इ. स. १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळील पाटण येथे आहे आणि त्याचा शेवटचा भाग मराठीत आहे. ‘लीलावती’त वर्तुळ व गोल यांची सूत्रे तर आहेतच, शिवाय खड्डे खणणे, विटा रचणे, लाकूड कापणे आणि धान्याच्या राशी मोजणे यांसाठी स्वतंत्र प्रकरणे आहेत. म्हणजे हा ग्रंथ शेतकरी, गवंडी, सुतार आणि मजूर यांच्या कामाचाही होता.

त्यातील राशीचा हिशेब पाहा. सपाट खळ्यात धान्य ओतले की शंकूच्या आकाराची रास होते. भास्कराचार्य सांगतात, जाड धान्याच्या राशीची उंची तिच्या घेराच्या दहाव्या भागाएवढी धरावी. घेराचा सहावा भाग घेऊन त्याचा वर्ग करावा आणि उंचीने गुणावे. घेर ६० हात असेल तर उंची ६ हात, सहावा भाग १०, त्याचा वर्ग १००, आणि घनफळ ६०० घनहात. एका दोरीने घेर मोजला की काम झाले! आज पाय या संख्येची अचूक किंमत घेऊन शंकूचे सूत्र लावले, तर उत्तर सुमारे ५७३ येते. हा फरक अज्ञानामुळे पडलेला नाही. त्याच ग्रंथात पायची ३९२७ भागिले १२५० ही फार अचूक किंमत दिलेली आहे. खळ्यावर झटपट हिशेब व्हावा म्हणून तेथे ३ ही सोपी किंमत घेतली आहे. कोठे ढोबळ चालते आणि कोठे चालत नाही, हे ओळखणे हाही गणिताचाच भाग होय.

जेथे ढोबळ चालत नाही, त्याचे उदाहरणही तेथेच आहे. एका विहिरीचे तोंड १२ हात लांब व १० हात रुंद, तळ त्याच्या निम्मा म्हणजे ६ व ५ हात, आणि खोली ७ हात. वरच्या व खालच्या क्षेत्रफळांची सरासरी घेऊन खोलीने गुणले, तर उत्तर ५२५ येते. बाजूंची सरासरी घेऊन गुणाकार केला, तर साडेचारशेच्या वर, ४७२.५ येते. भास्कराचार्यांची रीत अशी : वरचे क्षेत्रफळ १२०, खालचे ३०, आणि बाजूंच्या बेरजांचा गुणाकार १८ गुणिले १५ म्हणजे २७०. या तिन्हींची बेरीज ४२०, तिचा सहावा भाग ७०, त्याला ७ ने गुणून ४९० घनहात. हेच उत्तर बरोबर आहे.

येथे पालकांनी क्षणभर थांबावे. खणलेल्या मातीच्या घनफळावर मजुरी ठरते, हे या जिल्ह्याला सांगावयास नको. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्या कामांवर किती माती निघाली, हे मोजूनच दाम ठरत आले. उतरत्या कडांच्या खड्ड्याला ४७२ धरावयाचे की ४९०, हा प्रश्न तेव्हा परीक्षेतील एका गुणाचा राहत नाही, तो संध्याकाळच्या भाकरीचा होतो.

हे शास्त्र कोणा एका समाजाचे नाही, हेही आपल्या मुलांना कळले पाहिजे. बगदादमध्ये इ. स. ८२० च्या सुमारास अल-ख्वारिज्मी यांनी बीजगणितावर ग्रंथ लिहिला. त्यात मोजमापावर एक प्रकरण आहे. वारसांच्या वाटण्या, व्यापार, जमिनीची मोजणी आणि कालव्यांची खणाई यांत लोकांना गणित लागते, म्हणून आपण लिहितो, असे त्यांनी आरंभी सांगितले आहे. वर्तुळासाठी त्यांनी दिलेल्या मापांपैकी एक ६२,८३२ भागिले २०,००० हे आहे, आणि आपल्या आर्यभटांनी इ. स. ४९९ मध्ये तेच माप दिलेले होते. पुढे समरकंद येथे अल-काशी यांनी १४२७ मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात कमानी व घुमट मोजण्याच्या रीती दिल्या. आणि १५८७ मध्ये अकबराच्या दरबारातील कवी फैजी यांनी ‘लीलावती’ फारसीत आणली. लीलावती ही भास्कराचार्यांची कन्या होती, ही सर्वपरिचित कथा याच फारसी ग्रंथाच्या प्रस्तावनेतून पसरली. ज्ञान असे एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिले.

घुमटावरून पृष्ठफळ आठवते. विजापूरचा गोल घुमट १६५६ मध्ये उभा राहिला. त्याच्या घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर आहे. तो अर्धगोल मानला, तर त्याखालील वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे १,१३४ चौरस मीटर, आणि घुमटाच्या आतल्या बाजूचे पृष्ठफळ त्याच्या बरोबर दुप्पट, म्हणजे २,२६८ चौरस मीटर. खालच्या वर्तुळावर फरशी घालण्याला जेवढे क्षेत्र लागते, त्याच्या दुप्पट क्षेत्राला वर गिलावा लागतो. आपल्या गावातील मशिदीच्या लहानशा घुमटालाही हाच नियम लागू आहे. चुना किती आणावा आणि गवंड्याला किती द्यावे, हे त्यावरून आधीच सांगता येते.

आता शेवटचा हिशेब, आपल्या दाराशी आलेला. वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याचा पायाभरणी समारंभ झाला. या योजनेत समुद्रातील १,४४८ हेक्टर क्षेत्रावर भराव घालावयाचा आहे. बंदर असावे की नसावे, यावर या किनाऱ्यावर तीव्र मते आहेत. त्यांची चर्चा करणे हा या लेखाचा हेतू नाही. परंतु १,४४८ हेक्टर म्हणजे किती, हे आपल्यापैकी किती जणांनी काढून पाहिले? ते सुमारे ३,५७८ एकर होतात. चौरस मीटरमध्ये एक कोटी चव्वेचाळीस लाख ऐंशी हजार. त्यावर फक्त एक मीटर जाडीचा थर द्यावयाचा, तर तेवढेच घनमीटर, म्हणजे सुमारे ५१ लाख ब्रास माल लागेल. पाण्याची खोली वाढेल, तसा प्रत्येक मीटरला आणखी तेवढाच.

शेताला सातबारा असतो, समुद्राला नसतो. शेताचे क्षेत्रफळ कागदावर लिहिलेले असते. मच्छीमाराच्या जागेला मात्र खोलीही असते आणि ती कोणाच्याच नावावर नसते. म्हणून नोटीस आली, नकाशा लागला, जनसुनावणी झाली, तर त्यातील आकडे वाचून त्यांचा अर्थ सांगणारे कोणीतरी गावात असले पाहिजे. योजनेच्या बाजूने बोलावयाचे असो की विरोधात, नोकरी मागावयाची असो की नुकसानभरपाई, आकडा समजणाऱ्याचे म्हणणेच टिकते.

तेव्हा पालकहो, मुलांप्रमाणेच मुलींनाही हे प्रकरण नीट शिकू द्या. आणि विद्यार्थी मित्रहो, या सुट्टीत एक दोरी घ्या. घराचे अंगण, पाण्याची टाकी, खळ्यातील भाताची रास स्वतः मोजा आणि उत्तर वडीलधाऱ्यांच्या अंदाजाशी ताडून पाहा. ज्याला मोजता येते, त्याला सहसा कोणी फसवू शकत नाही. आणि तोही दुसऱ्याला मापात फसवणार नाही, अशी अपेक्षा ठेवण्याचा आपल्याला हक्क आहे.