पुसलं म्हणजे गेलं असं नसतं राजेहो

"तत्त्वांना हरताळ फासला" हे वाक्य आपण पेपरात रोज वाचतो. दुकानं बंद ठेवायच्या हरताळाशी त्याचं काही देणंघेणं नाही. हा हरताळ म्हणजे पिवळ्या रंगाचं एक खनिज. सोमलाच्या कुळातलं, विषारी. पोथी लिहिताना लेखकूचं अक्षर चुकलं की तो हरताळाची पूड डिंकात खलायचा, चुकलेल्या अक्षरावर तिचा थर द्यायचा आणि थर वाळला की त्यावरच नवं अक्षर लिहायचा. म्हणजे हरताळ फासणं हे खोडणं नव्हे. खोडलेलं वाचता येतं. जुन्यावर थर चढवून त्याच जागी दुसरं लिहायचं, ही ती रीत. आणि थर पातळ पडला किंवा पुढे कधी त्याचा पोपडा निघाला, तर खालचं अक्षर पुन्हा डोकावणारच.

पुसायची दुसरी जुनी रीत धूळपाटीची. फळीवर धूळ पसरायची, काडीनं अक्षर काढायचं, हात फिरवला की कोरी. आपल्याकडच्या गणितात धुळीवरच्या हिशेबाला धूलिकर्म असं नावच होतं. ही पद्धत अरबांकडेही गेली. इ.स. 952 च्या सुमारास दमास्कसमध्ये अल-उक्लिदिसी नावाच्या गणितज्ञानं तिच्याविरुद्ध लिहिलं, धूळ सोडा आणि कागदावर हिशेब करा म्हणून. धूळपाटीवर आधीची पायरी उरतच नाही, मग हिशेब तपासायचा कसा?

हे पुराण सांगायचं कारण असं. आज आपल्यापैकी बहुतेकांना वाटतं की कॉम्प्युटरची हार्ड डिस्क म्हणजे धूळपाटी. डिलीट दाबलं, कचरापेटी रिकामी केली, झालं! प्रत्यक्षात डिलीट म्हणजे साधा हरतालसुद्धा नसतो.

1981 साली आलेल्या एमएस-डॉसमध्ये फाइल पुसली की होत काय होतं ते बघा. यादीतल्या त्या फाइलच्या नावाचं पहिलं अक्षर तेवढं बदलायचं आणि ती जागा मोकळी झाल्याची नोंद व्हायची. आतला मजकूर होता तिथंच, जसाच्या तसा. नारायणराव पेशव्यांच्या खुनाच्या आख्यायिकेत एका अक्षरानं 'ध' चा 'मा' झाला, तसाच हाही एका अक्षराचा खेळ. पीटर नॉर्टननं 1982 मध्ये नेमका याचाच धंदा केला. पहिलं अक्षर परत बसवायचं आणि पुसलेली फाइल उभी करायची, असा प्रोग्राम त्यानं विकायला काढला. लोकांनी तो भराभर घेतला, कारण चुकून पुसणारे आपण सगळेच. आजच्या विंडोजमध्ये यादी ठेवायची तऱ्हा बदलली, पण फिरत्या चकतीच्या डिस्कवर तत्त्व तेच आहे. दफ्तराची अनुक्रमणिका फाडली म्हणून गठ्ठ्यातले कागद जळत नाहीत. क्विक फॉरमॅटही तेवढंच करतो, कोरी अनुक्रमणिका आणून लावतो.

मजकूर किती चिवट असतो? 1 फेब्रुवारी 2003 ला कोलंबिया यान आकाशात फुटलं, आपली कल्पना चावला त्यात गेली. त्या अवशेषांत एक जळकी हार्ड डिस्क सापडली. डेटा काढणाऱ्यांनी तिच्यातली सुमारे 99 टक्के माहिती वाचून काढली आणि यानातल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. आभाळातून जळत पडलेली डिस्क वाचता येते. तुम्ही भंगारवाल्याला किलोवर दिलेली का वाचता येणार नाही?

आता आपल्या गावाकडे येतो. बाळापूर हे लष्कराचं तसं दफ्तराचंही गाव. अकबराचा मुलगा मुराद वऱ्हाडात आला तेव्हा त्यानं इथं जवळच शहापूर वसवलं. 1720 मध्ये निजामानं आलम अली खानाला इथंच हरवलं. मन आणि म्हैस नद्यांच्या काठचा किल्ला 1757 मध्ये एलिचपूरच्या नवाब इस्माईल खानानं पूर्ण केला. एवढ्या फौजा, एवढा महसूल, म्हणजे कागद किती झाला असेल! त्यातला हाती किती उरला? नक्षबंदी खानकाहमधली फारसी हस्तलिखितं अभ्यासकांना ठाऊक आहेत, कारण ती पिढ्यान् पिढ्या कुणीतरी सांभाळली. बाकी वाळवी, पूर आणि आपली बेफिकिरी.

याच वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, म्हाइंभटानं तेराव्या शतकात लीळाचरित्र लिहिलं. मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत गेली आणि शिष्यांनी स्मरणातून ते पुन्हा उभं केलं, असं महानुभाव परंपरा सांगते. पुढे पंथानं आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले. ज्याला किल्ली माहीत तोच वाचणार. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे वगैरे संशोधकांनी त्या लिपीची उकल केली, तोवर बाहेरच्यांना पोथी हातात घेऊनही काही कळत नव्हतं. ही सांकेतिक लिपी लक्षात ठेवा, हार्ड डिस्कच्या कामात ती पुन्हा लागणार आहे.

आता खरी गोष्ट. काही दिवसांपूर्वी ओळखीतल्या एका पोट्ट्यानं अकोल्याहून जुना कॉम्प्युटर आणला. स्वस्तात मिळाला म्हणून खूश. मला म्हणाला, "काका, फॉरमॅट मारून देल्ला हाये त्यायनं." मी त्याला फाइल परत आणणारा एक फुकटचा प्रोग्राम चालवायला सांगितला. तासाभरात पडद्यावर आधार कार्डं, पासबुकाची पहिली पानं, सातबारे आणि पीक विम्याचे अर्ज येऊ लागले. फॉर्म भरून देणाऱ्या कुठल्यातरी केंद्राचं मशीन असावं. फोटोतली माणसं आपल्यासारखीच. सोयाबीनचे, तुरीचे पैसे खात्यात यावेत म्हणून रांगेत उभी राहिलेली. नावं न वाचता आम्ही ते बंद केलं आणि सगळी डिस्क पुसून टाकली. पण तो कॉम्प्युटर भलत्याच्या हाती पडला असता तर? आधार, खातं नंबर, मोबाइल नंबर आणि अंगठ्याचा ठसा एकाच कागदावर. फसवणाऱ्याला आणखी काय हवं?

हे फक्त आपल्याकडं होतं असं समजू नका. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारानं बिघडलेली एक डिस्क दुरुस्तीच्या करारानुसार ठेकेदाराकडे परत पाठवली, न पुसता. ती दुरुस्त होईना म्हणून पुढे भंगारात काढायला दिली. तिच्यावर सुमारे 7 कोटी माजी सैनिकांच्या नोंदी होत्या. हे प्रकरण 2009 मध्ये बाहेर आलं. मॉर्गन स्टॅन्ले या बड्या कंपनीनं जुन्या डिस्क काढून टाकायचं काम सामान हलवणाऱ्या कंपनीला दिलं. त्यातल्या काही डिस्क ग्राहकांच्या माहितीसकट लिलावात विकल्या गेल्या. 2022 मध्ये त्यासाठी साडेतीन कोटी डॉलर दंड बसला. आणि 2003 मध्ये सिमसन गारफिंकल आणि अभी शेलत या दोन संशोधकांनी बाजारातून जुन्या 158 डिस्क घेऊन अभ्यास छापला. चालू निघाल्या 129. त्यांतल्या नीट पुसलेल्या फक्त 12.

गंमत म्हणजे कागदाच्या बाबतीत आपलं सरकारी खातं या सगळ्यापेक्षा शिस्तीचं आहे. अहमदनगरचे कलेक्टर अँडरसन यांनी घालून दिलेली सहा गठ्ठा पद्धत महाराष्ट्राच्या कचेऱ्यांत अजून चालते. 'अ' वर्गाचा कागद कायम ठेवायचा, 'ब' तीस वर्षं, आणि 'ड' एका वर्षानं नष्ट करायचा. काय ठेवायचं आणि काय नष्ट करायचं हे दोन्ही ठरलेलं. उलट वाटेल ते पुसता येऊ नये म्हणून 1993 चा केंद्राचा सार्वजनिक अभिलेख कायदा आहे, बेकायदा नष्ट केलं तर पाच वर्षांपर्यंत कैद. हे मुद्दाम सांगतो, कारण "लोकांची खाजगी माहिती होती म्हणून पुसली" असं म्हणत उद्या कुणी कचेरीतला पुरावाच साफ करेल. 21 जून 2012 ला मंत्रालयाला आग लागली तेव्हा किती फायली कायमच्या गेल्या, ते आपण पाहिलंय. जे राहायला पाहिजे ते जळतं आणि जे जायला पाहिजे ते भंगारात साबूत सापडतं! 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं काम संपल्यावर माहिती पुसायची जबाबदारी ती घेणाऱ्यावर टाकली आहे. फॉर्म भरणारं केंद्र, पतसंस्था, शाळा, दवाखाना, फोटो स्टुडिओ, भाड्यानं कॉम्प्युटर घेऊन मुदतीनंतर परत करणारे, सगळ्यांनी आपापल्या कपाटाकडं एकदा बघावं.

मग करायचं काय? तर हरताळ. फिरत्या चकतीच्या डिस्कवर सगळीकडे शून्यं लिहून काढायची. विंडोजमध्ये फॉरमॅट करताना 'क्विक फॉरमॅट' समोरची खूण काढली की तो पूर्ण डिस्कवर शून्यं लिहितो. वेळ लागतो, मोठ्या डिस्कला तास जातात, लागू द्या. विंडोज ज्या भागात आहे तो भाग चालू मशीनमधून असा पुसता येत नाही. त्यासाठी 'रीसेट' मधला सगळं काढून ड्राइव्ह साफ करण्याचा पर्याय घ्या किंवा डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडा. "पस्तीस वेळा लिहावं लागतं" असं कुणी सांगेल. ते पीटर गुटमन यांच्या 1996 च्या लेखातून आलंय आणि तेव्हाच्या वेगवेगळ्या जुन्या डिस्कांसाठी होतं. लोक त्याचा तोडगा-उतारा करतात, अशी तक्रार पुढे खुद्द गुटमननीच केली. आजच्या चकतीला एकदा पूर्ण लिहिणं पुरतं, हे अमेरिकेच्या मानक संस्थेनं 2014 मध्ये लिहून दिलं आहे.

एसएसडीचं मात्र वेगळं. ती आपल्या सोयीनं मजकूर इकडून तिकडं हलवत असते, त्यामुळे वरून लिहिलेलं नेमकं त्याच जागी पडेल याची खात्री नाही. तिच्यासाठी कंपनीनं दिलेला पुसायचा खास हुकूम वापरायचा, नाहीतर पहिल्या दिवसापासून डिस्क सांकेतिक करून ठेवायची. इथं सकळ लिपी कामाला येते. डिस्क पहिल्यापासून कुलूपबंद असेल तर परत देताना किल्ली नष्ट केली की झालं, आतलं कुणाला लागणार नाही.

आणि सगळ्यात अवघड अडचण वॉरंटीची. डिस्क मेली, फिरतच नाही, म्हणजे पुसताही येत नाही. बदलून हवी तर जुनी परत द्या, असं दुकानदार म्हणतो. सांकेतिक केलेली असेल तर खुशाल द्या. नसेल आणि आत लोकांचे कागद असतील, तर माझं स्पष्ट मत आहे की वॉरंटीवर पाणी सोडा. चार-पाच हजारांची डिस्क जाईल, जाऊ द्या. संस्थांनी खरेदी करतानाच "बिघडलेली डिस्क आमच्याकडे राहील" अशी अट करारात घालून घ्यावी. मोठे विक्रेते ती मान्य करतात, थोडे पैसे जास्त घेतात इतकंच.

राहिलेली मेलेली डिस्क फोडायची. वरचं झाकण बारीक तारांकित स्क्रूंनी बसवलेलं असतं, आत आरशासारख्या चकत्या दिसतात. नुसती सर्किटची पट्टी तोडून उपयोग नाही, मजकूर चकत्यांवर असतो. लॅपटॉपच्या लहान डिस्कमध्ये या चकत्या बऱ्याचदा काचेच्या असतात आणि हातोडीच्या एका घावात तुकडे उडतात, म्हणून आधी जाड कापडात गुंडाळा, डोळ्यांवर चष्मा ठेवा आणि लेकरांना लांब बसवा.