धूर, माग आणि कायदा

चार भिंतींत कोंडलेला धूर ओढणाऱ्याचा एकट्याचा राहत नाही, हे कायद्याला फार उशिरा उमगले. मुरली देवरा यांच्या याचिकेवर २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जागी धूम्रपानास मनाई केली. २००३ साली कायदा झाला. २ ऑक्टोबर २००८ च्या नियमांनी कामाची जागाही ‘सार्वजनिक’ ठरली. म्हणजे भिवंडीतला यंत्रमाग कारखानाही त्यात आला. विडी ओढणाऱ्यास २०० रुपयांपर्यंत दंड. पण तक्रार होऊनही गप्प बसणाऱ्या मालकासही, जितके गुन्हे तितका दंड. हा दुसरा नियम कामगाराला कोणी वाचून दाखवीत नाही. २०१९ साली विजेच्या सिगारेटची विक्रीच बंद झाली. बाहेर जाऊन ओढावे, हा शिष्टाचार खराच. पण त्यासाठी मागावरून उठण्याची सवड हवी. ती मिळवणे हे संघटनेचे काम आहे.