साथींत मिटलेलीं शाळांचीं दारें

या महोत्सवाच्या स्मरणिकेंत आमच्या परिसराच्या इतिहासाचीं जीं पानें घालावयाचीं, त्यांत मार्च २०२० मधील एक पान सुटूं नये असें आम्हांस वाटतें. त्या महिन्याच्या मध्यास राज्यांतील शाळा बंद करण्याचा हुकूम निघाला आणि पेण व रोहें या दोन्ही तालुक्यांतील शाळांना कुलपें लागलीं. ग्रामीण भागांतील पहिली ते चौथीचे वर्ग पुनः उघडले ते १ डिसेंबर २०२१ रोजीं. वीस महिने ज्या लेकरांची शाळा मिटली, त्यांच्या या त्यागानें रोगाचा फैलाव खरोखर किती थांबला, हा प्रश्न रागलोभ बाजूस ठेवून विचारण्याजोगा आहे.

शाळा मिटल्यानें साथ मंदावते ही समजूत खोटी नव्हे. १९१८ सालची इन्फ्ल्युएंझाची साथ, जिला आपल्याकडील वडील मंडळी मानमोडी म्हणत, ती मुंबईस जून महिन्यांत उतरली, सप्टेंबरांत अधिक उग्र होऊन परतली, आणि ६ ऑक्टोबर रोजीं एकट्या त्या शहरांत ७६८ माणसें दगावलीं. त्याच सुमारास अमेरिकेंतील सेंट लुईस शहरानें शाळा, नाटकगृहें आणि प्रार्थनामंदिरें एकदमच बंद केलीं. फिलाडेल्फियांत मात्र साथ शिरली असतांहि सप्टेंबरअखेर भव्य मिरवणूक निघाली होती. तेथील मृत्यूंचें प्रमाण कितीतरी अधिक झालें. 'एकदमच' या शब्दाकडे वाचकांनीं लक्ष द्यावें.

आपल्या राज्याचा दाखला २००९ चा. त्या ऑगस्टांत स्वाइन फ्ल्यूनें देशांतील पहिला बळी पुण्यांत घेतला, तो एका शाळकरी मुलीचा. पुण्यामुंबईच्या शाळा कांहीं दिवस बंद राहिल्या. पुढें संशोधकांनीं त्या साथीचा हिशेब मांडला, तेव्हां शाळांच्या सुट्टीच्या काळांत, एका रोग्यापासून सरासरी जितक्यांस लागण होते तो आंकडा, देशाच्या निरनिराळ्या भागांत १४ ते २७ टक्क्यांनीं घटलेला आढळला. यांत नवल नाहीं. एका बांकावर तिघे-चौघे खेटून बसतात, आणि संध्याकाळीं तोच खोकला आजीच्या मांडीपर्यंत पोंचतो.

कोरोनाची चाल निराळी होती. तो मुलांस बहुधा सौम्य होई, आणि घरांत बहुतेक वेळां मोठ्या माणसांबरोबर शिरे. २०२० च्या वसंतांत स्वीडननें सोळा वर्षांखालील मुलांच्या शाळा चालू ठेविल्या, शेजारच्या फिनलंडनें बहुतेक मिटल्या. पुढें ताडून पाहिलें तेव्हां मुलांच्या लागणींत म्हणण्यासारखें अंतर दिसलें नाहीं.

आमच्या परिसरांत तर शाळा मिटली म्हणून मुलें घरांत मिटलीं असें झालेंच नाहीं. टाळेबंदीचे पहिले आठवडे सोडले, तर धाटावचे कारखाने शाळांच्या कितीतरी आधीं सुरू झाले. हमरापूर-जोह्याकडे गणेशमूर्तींचें काम चाललें. सणास मुंबईचे चाकरमानी आले. बाजारांत, शेतावर, लग्नकार्यांत मुलें वडीलधाऱ्यांबरोबरच होतीं. सेंट लुईसनें सर्व दारें मिटलीं होतीं. आम्हीं बाकीचीं उघडून एकच मिटलेलें ठेविलें.

त्या एका दाराची किंमत सर्वांनीं सारखी मोजली नाहीं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानें रायगड जिल्ह्यांत शाळांचीं छपरें उडविलीं, विजेचे खांब पाडिले. मोबाइलवरील तास वाड्यांवर पोंचणार कसे? आश्रमशाळांतील कातकरी मुलें घरीं परतलीं, तीं दोन वेळचें शिजलेलें अन्न मागें ठेवून.

आरंभींचा बंद योग्यच होता असें आमचें मत आहे. रोग कसा पसरतो हेंच तेव्हां नीट कळलें नव्हतें, आणि आज टेबलाशीं बसून शहाणपण सांगणें सोपें आहे. परंतु कारखाना उघडल्यावर शाळेस इतका विलंब लागावा, याचें समर्थन आम्हांस सांपडत नाहीं. दोष इतरांकडेच आहे असेंहि नव्हे. प्रार्थनास्थळें ७ ऑक्टोबर २०२१ रोजीं पुनः उघडलीं, आणि आमच्या मिस्सेस मुलें आईबापांचा हात धरून येऊं लागलीं. तरी वाडीच्या मुलांचा आवारांतील सायंकाळचा अभ्यासवर्ग आम्हीं भीतीपोटीं डिसेंबर उजाडेपर्यंत उघडला नाहीं. उघडला त्या दिवशीं हजेरीपटावरील एकवीस नांवांपैकीं नऊ मुलें आलीं. बाकीच्यांची चौकशी केली, तेव्हां बहुतेक आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलेलीं निघालीं. दोघी मुलींचीं लग्नें ठरलीं होतीं.